सोमवारचा टँकर

सावनीनं कॅमेऱ्यांच्या मशीनची पिन ओढली ती शनिवारी सकाळी सव्वाअकराला. काकासाहेबांनी लगेच मनगटावरचं घड्याळ बघितलं, जसं काही ऑपरेशन सुरू झालंय. आतला किरकिऱ्या पंखा फिरत फिरत थांबला आणि टीव्हीवरच्या सहा चौकोनांतलं गेट, पार्किंग, जिना, टाकी, सगळं एकदम काळं झालं.

"सातला परत लागलं पाहिजे," काकासाहेब म्हणले. "तोवर काही निघालं तर निघालं. नाहीतर उद्या दहाला मीटिंग, अन् फकिराचा विषय संपला."

आता विषय काय होता ते नीट ऐका, नाहीतर पुढं गोंधळ होईल. सोळा सालचा उन्हाळा. जायकवाडीचा तळ दिसायला लागलेला. हर्सूलच्या पुढं, जिथं चार वर्षांखाली ज्वारी डोलायची, तिथं गिरिजा पार्क उभं राहिलेलं, चार मजले, सोळा फ्लॅट. नळाला पाणी पाच दिवसांआड, तेही करंगळीएवढं. बोअर फेब्रुवारीतच खोकायला लागला आणि मार्चात गप झाला. म्हणून रोज सकाळी दहा हजार लिटरचा एक टँकर यायचा, जमिनीखालच्या टाकीत उतरायचा, आणि सोळा घरं त्याच्यावर चोवीस तास काढायची. सोमवारी टँकर आला. रजिस्टरवर वॉचमन फकिराची सही आहे. टँकरवाला म्हणतो पूर्ण रिकामा केला. आणि दुपारी चारला पंपानं हवा ओढली. टाकी कोरडी.

दहा हजार लिटर पाणी काय खिशात घालून नेता येतं का? पण शेजारच्या प्लॉटवर नवी बिल्डिंग उठायली होती, त्याच आठवड्यात तिचा स्लॅब टाकला होता, आणि स्लॅबवर तर रोज पाणी मारावं लागतं. लोकांनी दोन अधिक दोन केलं. फकिरानं टँकर तिकडं वळवला.

फकिरा पाचोडकडचा. दोन वर्षांपासून बायको आणि पोरगी घेऊन पंपाशेजारच्या खोलीत राहायचा. सही माझी आहे, म्हणला. टँकर आला तेव्हा मनकर्णाबाईंचा गॅसचा सिलिंडर चौथ्या मजल्यावर चढवत होतो, खाली आलो तर टँकर निघालेला, सही केली, आत वाकून बघितलं नाही, एवढी चूक माझी. मनकर्णाबाईंना विचारलं तर त्या म्हणल्या सिलिंडर आणला खरा, पण सोमवारी का मंगळवारी, देवाला माहीत. वय सत्तर. त्यांच्यावर कोण चिडणार?

टाकीवर कॅमेरा होता. पण जुनं रेकॉर्डिंग बघायला पासवर्ड लागायचा, आणि ज्यानं कॅमेरे बसवले त्यानं दुकानच गुंडाळलं होतं. त्याचा नंबर लावला की एक बाई झोपेतून उठल्यासारखी राँग नंबर म्हणायची. काकासाहेब सोसायटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड माणूस, हातात फुरसत. त्यांनी स्वतःची जन्मतारीख टाकली, बायकोची टाकली, लग्नाची टाकली, आणि शेवटी मशीनच रुसून बसलं. वर आणखी एक घोर. कॅमेरेवाला जाताना सांगून गेला होता की डिस्क बारकी आहे, सहा दिवसांचं टिकतं, मग त्याच्यावरच नवीन चढतं. म्हणजे सोमवार सकाळ ही रविवारी सकाळी पुसली जाणार. मीटिंगच्या अर्धा तास आधी.

अशा टायमाला गुरुवारी सगळ्यांच्या समोर सावनी बोलून गेली, "डिस्क काढून लिनक्सवर लावली तर पासवर्ड लागतच नाही."

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कॉम्प्युटर ब्रँच. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक सिस्टीम, फक्त हुकूम टाईप करून चालवायची, ती तिला किती यायची? आठवड्यातून एक लॅब, त्यात फोल्डरमध्ये शिरायचं आणि फोल्डरमधून बाहेर यायचं, बस. पण तिचं तोंड तिच्या डोक्याच्या दोन पावलं पुढं चालतं. सोळा घरांनी ऐकलं, फकिरानं पण ऐकलं. फकिरानं हातातला झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

गुरुवारी संध्याकाळीच ती इंटरनेटवरच्या एका फोरमवर गेली. कॅमेऱ्यांची असली रेकॉर्डर मशीनं उघडून त्यांच्यात खटपटी करणारे जगभरातले लोक तिथं बसलेले. मी नवीन आहे, मदत करा, असं लिहिलं. पहिला म्हणला, आधी जुनं वाच, मग विचार. दुसरा म्हणला, नवीन मशीन घे. तिसरा ओल्डटेप नावाचा, कुठल्यातरी थंडगार देशातला म्हातारा, त्यानं मात्र शांतपणे विचारलं की तुला हे कशासाठी पाहिजे. सावनीनं सगळं सांगितलं, टँकर, टाकी, फकिरा. त्याला कळेना. पाणी आलं नाही तर पाणी कंपनीला फोन का करत नाहीस, म्हणला. सावनीनं ते सोडून दिलं. त्यानंही सोडलं आणि कामाचं बोलला. मूळ डिस्कला कधी बोट लावायचं नाही, आधी तिची हुबेहूब नक्कल करायची, नक्कल कुठून कुठं जाते ते तीनदा तपासायचं, कारण लिनक्स तुला विचारणार नाही की बाई, नक्की ना? उलटं लिहिलंस तर रिकामी डिस्क भरलेलीवर चढेल आणि दोन सेकंदात सगळं संपेल. हे शेवटचं त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

घरी बाबा विरोधात. म्हणजे मुकुंदराव, सावनीचे वडील. तसा माणूस साधा, ऑफिस आणि घर. पण पाण्याच्या बाबतीत एकदम कडक. एक मग पाण्यात दाढी करायचे. घरातल्या प्रत्येक नळावर चिकटवलेलं, 'थेंब मोजा'. जानेवारीत त्यांनी अख्ख्या सोसायटीला पार्किंगमध्ये बसवून, हातात मग घेऊन, पाऊण तास भाषण दिलं होतं. तेव्हापासून पाठीमागं लोक त्यांना मगवाले साहेब म्हणायचे. हे बाबा गुरुवारपासून तिच्या मागं लागलेले की मशीनला हात लावू नको, दुसऱ्याची वस्तू आहे, बिघडली तर नाव आपलं जाईल. एकदा म्हणले, दोनदा म्हणले, शुक्रवारी रात्री जेवताना तिसऱ्यांदा म्हणले. आई, अनसूयाबाई, म्हणल्या, "करू द्या की तिला. एवढं काय त्यात." बाबा ताटावरून उठले.

तर शनिवारी मशीन उघडलं. चार स्क्रू, आत धुळीचा गालिचा आणि एक मेलेली पाल. डिस्क बाहेर काढून सावनी जिन्यानं वर पळाली, काकासाहेब मागून ओरडतायत की पडेल, सांभाळ.

नक्कल करायला मोठी डिस्क पाहिजे होती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या सुयशची. सुयश वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला, नाईट करून सकाळी आलेला, डोळे लाल. हजार जीबीची डिस्क घेऊन आला आणि दारातच म्हणला की हिच्यात आठ वर्षांचे सिनेमे आहेत.

"पुसले जाणार," सावनी म्हणली.

"माहितीय. म्हणूनच बघून घेतोय एकदा." डिस्क त्यानं तिच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून बसला.

सावनीनं पेन ड्राईव्हवरनं लिनक्स चालू केलं, दोन्ही डिस्का लावल्या, लिनक्सनं एकीला बी नाव दिलं, एकीला सी, आणि तिनं काळ्या पडद्यावर ओल्डटेपनं दिलेली ओळ टाईप केली. घाम हातावरून कीबोर्डवर. बारा वाजून गेलेले, बाहेर बेचाळीस. एंटरवर बोट ठेवलं तेवढ्यात सुयश म्हणला, थांब. त्याच्या कंपनीत मापाचा कागद एकानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं वस्तूवर बोट ठेवून हो म्हणायचं, त्याशिवाय माल पुढं सरकत नाही. चार वर्षांत त्याला ती सवयच लागलेली. भाजीच्या पिशवीचं सुद्धा तो असंच करायचा, घरचे वैतागायचे.

"वाचतो, तू बोट ठेव," तो म्हणला. "घ्यायचं कुठून? सी मधून. सी कोणती?"

सावनीनं दुसऱ्या हाताचं बोट यादीतल्या सी वर ठेवलं. आकडा हजाराचा होता.

"टाकायचं कुठं? बी मध्ये. बी कोणती?"

बी पाचशेची होती. रेकॉर्डरची.

झालं होतं असं, की मघाशी तिनं तपासलं तेव्हा अक्षरं बरोबर होती. मग एक वायर हलली, तिनं काढून परत लावली, आणि अक्षरं आपसात बदलली. सावनीनं एंटरवरचं बोट असं उचललं जसं तव्यावरनं उचलतात. सुयशनं डोळे मिटले आणि म्हणला, आता परत वाचू, पहिल्यापासून.

नक्कल सुरू झाली, आणि खरी परीक्षा तिथं सुरू झाली. कारण ती कमांड काही म्हणजे काही बोलत नाही. किती झालं, किती राहिलं, काही नाही. काळा पडदा आणि एक पांढरी रेघ, लुकलुक, लुकलुक. सावनी उठायची, बसायची. बाल्कनीत जायची. खाली फकिराच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्याची बायको पितळी भांडी एकेक पुसून पोत्यात भरायली होती. पोरगी, संस्कृती, पाटीएवढ्या आरशाला वर्तमानपत्र गुंडाळत होती. काकासाहेबांनी शुक्रवारीच सांगून टाकलं होतं म्हणे, की मीटिंग नावापुरती आहे, रविवारचा टेम्पो बघून ठेव. सावनी परत आत आली. लुकलुक, लुकलुक.

अडीचला लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी असते, पण रेकॉर्डरच्या डिस्कला बाहेरनं करंट लागतो. इन्व्हर्टरनं उचललं म्हणून वाचलं, पण इन्व्हर्टर जुना, तासाभरात माना टाकणारा. आईनं घरभर फिरून तीन पंखे बंद केले, फ्रिजची पिन ओढली, आणि पदरानं वारा घेत येऊन बसल्या. बाबा सोफ्यावरनं म्हणले की जीव जाईल इथं, एक पंखा तरी चालू ठेवा.

"एका पंख्यापायी फकिराची खोली जाईल," आई म्हणल्या. "सोसा तासभर."

बाबा उठून बाल्कनीत गेले. उन्हात. चप्पल न घालता. सावनीला त्याचं तेव्हा नवल वाटलं, पण लुकलुकणाऱ्या रेघेपुढं बाकी कशाचा विचार टिकतो का?

साडेतीनच्या आत लाईट आली. सव्वाचारला रेघ खाली सरकली आणि आकडा आला. पूर्ण. मूळ डिस्क बाजूला ठेवली, नक्कल उघडली. आत फोल्डर नाही, नाव नाही, तारीख नाही, नुसता आकड्यांचा ढिगारा. पण म्हाताऱ्यानं हेही आधीच लिहून ठेवलेलं. एक ओळ दिली होती, लग्नातल्या उखाण्यापेक्षा लांब. ती ढिगाऱ्यातनं व्हिडिओचे तुकडे वेचून काढते. साडेपाचला तुकडे पडायला लागले. सुयशनं पहिला उघडला आणि पडद्यावर टाकी दिसली, पिवळं ऊन, एक कुत्रं. सावनी खुर्चीतच नाचली.

फक्त कोपऱ्यातली तारीख, एक जानेवारी दोन हजार. पुढचा तुकडा, तीच तारीख. मशीनच्या आतला सेल मेलेला, लाईट गेली की घड्याळ परत दोन हजार सालात जायचं. आता सोमवार ओळखायचा कसा?

सावनी भराभरा तुकडे उघडायला लागली, आणि एका तुकड्यात फकिरा उकिडवा बसून झाकण रंगवताना सापडला. ती टेबलावर थाप मारून म्हणली, हा रविवार. मागच्या रविवारी काकासाहेबांनी टाकीची पूजा ठेवली होती, निदान टँकर तरी नेमानं यावा म्हणून. हळदकुंकू, नारळ, आणि पूजेआधी टाकीच्या गंजलेल्या लोखंडी झाकणाला निळा ऑइलपेंट. रंग उरला, वाया कशाला घालवायचा, म्हणून काकासाहेबांनी चार हातांवरचं दुसरं झाकण पण रंगवून घेतलं. ते दुसरं म्हणजे पुनर्भरणाच्या खड्ड्याचं. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी त्या खड्ड्यात पडून, वाळू-गोट्यांतनं मुरून, बोअरला मिळायचं. तीन वर्षांत पाऊसच नाही, तर ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं. नव्या बिऱ्हाडांना तर ते कशाचं आहे हेही माहीत नसेल.

रविवार, रात्र, मग सकाळ. टँकर मागं मागं येत टाकीशेजारी लागला. ड्रायव्हर उतरला, इकडं तिकडं बघितलं, फकिरा नाही. हॉर्न दिला असणार, कारण पार्किंगमधून एक माणूस आला. हातात डबा, खांद्याला ऑफिसची बॅग, स्कूटर चालूच. त्यानं घड्याळ बघितलं. वाकून एक निळं झाकण दोन्ही हातांनी उचललं, ड्रायव्हरला बोटानं दाखवलं इथं टाक, परत घड्याळ बघितलं आणि स्कूटरवर बसून गेला.

ड्रायव्हरनं जाड पाईप आत सोडला. दहा हजार लिटर पाणी वीस मिनिटं, टाकीत नाही, त्या दुसऱ्या खड्ड्यातनं जमिनीच्या पोटात जात राहिलं. झाकण लावून टँकर निघाला तेव्हा जिन्यातनं फकिरा बाहेर आला, खांद्यावर रिकामा सिलिंडर. ड्रायव्हरनं खिडकीतनं रजिस्टर पुढं केलं.

सुयशनं व्हिडिओ थांबवला. स्कूटरवरचा माणूस कोण हे दोघांनाही पहिल्याच पावलाला कळलं होतं.

सुयश हळू आवाजात बोलला. डिस्क खराब होती म्हणून सांग, म्हणला, कुणाला काय कळतंय, मी पण तेच सांगतो. फकिरामामाला वाळूजला लावून देतो कुठंतरी, सिक्युरिटीत. सावनीनं त्याच्याकडं बघितलं पण नाही. तिच्या डोक्यात गुरुवारपासूनचं सगळं उलटं फिरायला लागलं होतं, ताटावरून उठणं, उन्हातली बाल्कनी, हात लावू नको, हात लावू नको.

दारात बाबा उभे होते. हातात चहाचे दोन कप.

"निघालं का काही?"

सावनीनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला आणि व्हिडिओ पहिल्यापासून परत चालू केला. बाबांनी पूर्ण बघितलं. स्वतःला झाकण उचलताना बघितलं, घड्याळ बघताना बघितलं. कप टेबलावर ठेवायचं त्यांना सुचलं नाही, सुयशनंच उठून घेतले.

"तुम्हाला माहीत होतं," सावनी म्हणली.

"सोमवारी नव्हतं माहीत. बुधवारी जाऊन झाकण उघडून बघितलं. आत गोटे ओले होते."

"बुधवारी."

"हो."

"मग गुरुवारी सगळे त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही तिथंच होतात बाबा."

बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "पाऊण तास भाषण दिलं होतं मी या लोकांना," ते म्हणले. "एक मग कसा वाचवायचा. आणि मी एका झटक्यात... वाटलं, आज सांगू, उद्या सांगू. उद्या मीटिंगमध्ये सांगणारच होतो."

खरं का खोटं, त्यांनाही माहीत नसेल. सावनीनं लॅपटॉप मिटला आणि काखेत घेतला.

"उद्या फकिरामामाचा टेम्पो यायलाय," ती म्हणली. "आत्ता चला. तुम्ही सांगा. नाही जमलं तर मी हा उघडते."

आई स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कुणाला कळलं नाही. त्यांनी बाबांच्या चपला उचलून पायापुढं ठेवल्या. बस, एवढंच केलं.

साडेसहाला खाली चार-पाच माणसं होतीच, काकासाहेब मशीनची वाट बघत येरझाऱ्या घालत होते. बाबा सरळ फकिराच्या खोलीपुढं गेले. काकासाहेबांकडं नाही, फकिराकडं. सावनीला वाटलं होतं ते आडून आडून बोलतील, रंग, घाई, ऑफिस. पण नाही. झाकण मी उघडलं, म्हणले, खड्ड्याचं. पाणी मी घालवलं. आणि चार दिवस गप्प बसलो. आवाज शेवटी फाटला, पण वाक्य पूर्ण झालं.

फकिरा पोत्याचं तोंड सुतळीनं बांधत होता. तसाच बसून राहिला. काकासाहेब म्हणले की दोन्ही झाकणं एका रंगाची कुणी केली, आणि बोलता बोलता त्यांनाच आठवलं असणार, कारण ते एकदम टोपी नीट करायला लागले. वरून चौथ्या मजल्यावरनं मनकर्णाबाई विचारायला लागल्या, काय झालं, कुणी सांगेल का मला? कुणी सांगितलं नाही.

काकासाहेब जरा वेळानं सावरले. झालं गेलं, म्हणले, फकिरा, सामान लाव परत, उद्याची मीटिंग रद्द.

"सामान लावतो," फकिरा म्हणला. "पण आता टँकरची सही मी करणार नाय. ज्याचं पाणी त्यानं उभं राहून घ्यावं. सोळा घरं हायेत, रोज एकानं."

"अरे, लोकांना ऑफिसं असतात फकिरा."

"व्हय. मलाबी चौथ्या मजल्यावर सिलिंडर असतो."

काकासाहेबांनी बाकीच्यांकडं बघितलं. सगळे दुसरीकडं बघायले होते. संस्कृतीनं तोवर आरशाचा कागद फाडून आरसा खिळ्याला परत अडकवला होता, बापाची परवानगी न विचारता.

पहिला नंबर कुणाचा ते ठरवावं लागलं नाही. सोमवारी सकाळी साडेनवाला बाबा टाकीशेजारी उभे. ऑफिसचे कपडे, पँट दोन घड्या वर, बॅग स्कूटरला. टँकर आला. त्यांनी झाकण उचललं, फकिराकडं बघितलं, फकिरानं हो म्हणून मान हलवली. ड्रायव्हरनं पाईप दिला, तो त्यांना जड झाला, पाण्याचा पहिला फवारा पँटवरच उडाला. फकिरा पाच पावलांवर बिडी न पेटवता तोंडात धरून उभा होता. थोडा वेळ बघितलं, मग म्हणला, "साहेब, आत ढकला अजून. वाया चाललंय."

बाबांनी गुडघा टेकला आणि पाईप आत ढकलला. ऑफिस दहाचं, आणि पावणेदहा झाले होते. वर बाल्कनीत सावनी एकदा त्यांच्याकडं बघत होती, एकदा हातातल्या घड्याळाकडं, आणि पाणी अजून अर्धंसुद्धा उतरलं नव्हतं.